कागदाबाहेरचे दप्तर : मेळघाटच्या कोरकूंचा इतिहास कसा वाचावा?

परतवाड्याहून सेमाडोह, हरिसालमार्गे धारणीकडे जाणाऱ्या प्रवाशाच्या कानी वाटेतल्या एखाद्या आठवडी बाजारात जी भाषा पडते, ती वऱ्हाडी नव्हे, हिंदी नव्हे आणि शेजारच्या गोंडांची गोंडीही नव्हे, एवढे त्याच्या सहज ध्यानात येते. परंतु त्या भाषेत सहासाठी ‘तुरुई’ आणि दहासाठी ‘गेल’ असे जे शब्द आहेत, तेच शब्द येथून हजार किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या संथाळ परगण्यातला संथाळ शेतकरी आजही आपली गुरे मोजताना वापरतो, असे कोणी त्याला सांगितले तर त्याचा चटकन विश्वास बसणार नाही. मधल्या विस्तीर्ण मुलखात छत्तिसगढी, हिंदी, गोंडी अशा सर्वस्वी निराळ्या भाषा पसरलेल्या आहेत. मग दोन टोकांच्या या दोन समाजांची मोजणी एक कशी?

हे कोडे सोडवू लागले की दुसरे, अधिक मोठे कोडे पुढे येते. ज्या समाजाने बखरी लिहविल्या नाहीत, ज्याच्या प्रमुखांनी ताम्रपट कोरविले नाहीत आणि ज्याचा उल्लेख राज्यकर्त्यांच्या दप्तरांत बहुधा जंगलाच्या उल्लेखासोबत, जणू तेथल्या झाडांपैकीच एक म्हणून आला, त्या समाजाचा इतिहास वाचावयाचा कसा? अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा हे मेळघाटचे तालुके, अकोला जिल्ह्यातील अकोट व तेल्हारा तालुक्यांचा सातपुड्याला भिडलेला उत्तर भाग आणि सीमेपलीकडील बैतुल, खंडवा, बुऱ्हाणपूर, हरदा व छिंदवाडा या टापूत राहणाऱ्या कोरकूंचे दप्तर कागदाबाहेर आहे. ते त्यांच्या बोलीत, पूर्वजांच्या लाकडी खांबांत आणि जमीन कसण्याच्या रीतीत सापडते, व सरकारी कागद त्याच्याशी ताडून पाहिला म्हणजे त्या कागदाचाही खरा अर्थ उलगडतो.

आकड्यांची साक्ष

दोन भाषांत काही शब्द सारखे आढळले, एवढ्यावरून त्या भाषा एका कुळातल्या ठरत नाहीत. मराठीत ‘दप्तर’, ‘महसूल’, ‘कायदा’ हे शब्द आहेत, म्हणून मराठी ही फारसीची किंवा अरबीची कन्या होत नाही. उसना शब्द आणि वारशाचा शब्द यांतला भेद ओळखण्यासाठी आपल्याकडच्या तांब्यापितळेच्या भांड्यांचा विचार करावा. अकोल्यातल्या एका घरात आणि नागपुरातल्या दुसऱ्या घरात एकाच कंपनीची स्टीलची ताटे सापडली, तर दोघांनी बाजारातून सारखा माल घेतला इतकेच सिद्ध होते. परंतु दोन्हीकडच्या जुन्या घंगाळांवर एकाच पणजोबांचे नाव कोरलेले आढळले, तर ती घरे एके काळी एकत्र होती आणि पुढे वाटण्या झाल्या, असेच म्हणावे लागते. लहान आकडे, सर्वनामे, पाणी, कुत्रा, माणूस यांसारखे नित्याचे शब्द हे भाषेतले नाव घातलेले घंगाळ होय. कारण असे शब्द माणूस शेजाऱ्याकडून सहसा उसने घेत नाही.

कोरकूची परीक्षा या कसोटीवर केली म्हणजे उत्तर स्पष्ट मिळते. पाण्याला कोरकूत ‘दा’ म्हणतात, संथाळी व छोटा नागपूरच्या मुंडांच्या मुंडारीतही शब्द तोच, केवळ शेवटचा उच्चार किंचित अडखळता. वाघाला कोरकूत ‘कुला’, मुंडारीतही ‘कुला’. नृत्याला येथे ‘सुसुन’, तेथेही ‘सुसुन’. मेळघाटात प्रसिद्ध असलेल्या ‘गादली सुसुन’ या नृत्याच्या नावातला उत्तरार्ध छोटा नागपूरच्या मुंडा माणसाला दुभाष्यावाचून समजेल. साम्य जेथे पूर्ण नाही तेथेही फरक नियमाने पडतो, आणि हीच अधिक भक्कम साक्ष होय : माणसाला कोरकू ‘कोरो’ म्हणतो, मुंडा ‘होरो’ म्हणतो, इकडच्या ‘क’च्या जागी तिकडे ‘ह’ येणे हा एका शब्दापुरता योगायोग नसून अनेक शब्दांत पुनःपुन्हा दिसणारा क्रम आहे. व्याकरणाची घडणही तीच. संस्कृताप्रमाणे या भाषांत द्विवचन आहे, आणि आपल्या ‘आम्ही’ व ‘आपण’ यांत जो सूक्ष्म भेद आहे, तोही त्यांच्या सर्वनामांत काटेकोरपणे पाळला जातो.

जॉन ड्रेक या मिशनऱ्याने १९०३ साली कोरकूचे व्याकरण प्रसिद्ध केले आणि १९०६ साली ग्रीअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात स्टेन कोनो या नॉर्वेजियन पंडिताने मुंडा भाषांमध्ये तिचे स्थान निश्चित केले. पुढे हे कुळ आणखी मोठ्या, म्हणजे ऑस्ट्रोआशियाई, परिवारातले असल्याचे मान्य झाले. कंबोडियाची ख्मेर आणि व्हिएतनामची भाषा या त्याच परिवारातल्या. या विशाल कुटुंबाची अगदी पश्चिमेकडची शाखा म्हणजे वऱ्हाडच्या डोंगरातली कोरकू. २०११ च्या जनगणनेत सात लाखांहून अधिक लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून नोंदविली.

महादेव, रावण आणि वारुळाची माती

भाषा नाते सांगते. आपण कोण, याचे उत्तर समाज स्वतः आपल्या कथेतून देतो. रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतातील जातिजमातींच्या ग्रंथात कोरकूंची उत्पत्तिकथा नोंदलेली आहे. विंध्य व सातपुडा हे पर्वत निर्मनुष्य पाहून रावणाने महादेवाला ते वसविण्याची विनंती केली. महादेवाने कागेसुर नावाच्या कावळ्याला तांबड्या मातीचे वारूळ शोधावयास धाडले. ते बैतुलच्या डोंगरांत सापडले आणि त्या मातीची एक स्त्री व एक पुरुष अशा मूर्ती महादेवाने घडविल्या. इंद्राचे घोडे त्या पुनःपुन्हा तुडवून टाकीत. अखेर महादेवाने मातीचा कुत्रा करून त्याच्यात प्राण घातला, त्याने घोड्यांना हुसकले, आणि मूर्ती सजीव होऊन मुला व मुलाई हे आद्य दांपत्य निर्माण झाले.

मैदानी प्रदेशातल्या वाचकाला या कथेत रावण याचक आणि उपकारकर्ता म्हणून आलेला पाहून आश्चर्य वाटेल. पण कथेचे मर्म त्यानंतरच्या तपशिलात आहे. घोडा हे राजाचे, सैन्याचे आणि करवसुलीचे वाहन; तो येऊन नवी वसाहत तुडवितो, आणि तिचे रक्षण करतो तो शिकाऱ्याचा सोबती. डोंगरातल्या माणसाने मैदानातल्या सत्तेविषयीचा आपला अनुभव यात साठविला असावा, असे मानण्यास जागा आहे. होळीच्या सुमारास रावणपुत्र मेघनाथाचा उंच खांब उभारून त्याची पूजा करण्याची चाल आजही या मुलखात आहे.

या समाजाचे जे अलिखित दप्तर आहे, त्यातला सर्वांत डोळ्यांत भरणारा भाग म्हणजे ‘मुंडा’ नावाचा फलक. मृताच्या नावाने लाकडाचा कोरीव फलक करवून, त्यावर सूर्य, चंद्र, घोडेस्वार यांच्या आकृती काढून, तो गावाबाहेर ठरलेल्या झाडाखाली रोवला जातो. सिडोली नावाच्या या विधीसाठी खर्च पडतो, गावजेवण करावे लागते. म्हणून कुटुंबाची ऐपत होईपर्यंत, कधी कित्येक वर्षे, तो लांबतो. विधी झाला की मृत व्यक्ती पूर्वजांच्या पंक्तीत जाते. पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी रोवलेल्या या फलकांवर साल नसते. तथापि अमुक गावाची माणसे अमुक ठिकाणी किती काळ नांदत आली, याची ती उघड्यावरची नोंद असते. या नोंदीचे महत्त्व पुढे कसे अकस्मात वाढले, ते लेखाच्या अखेरीस येईल.

किल्ले राजांचे, डोंगर डोंगरकऱ्यांचे

सातपुड्याच्या दक्षिण कडेवर दोन बळकट दुर्ग आहेत : चिखलदऱ्याजवळचा गाविलगड आणि अकोट तालुक्यातला नरनाळा. बहमनी सुलतान अहमदशहा याने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात गाविलगडाची उभारणी केली. पुढे इमादशाही, निजामशाही, मोगल, निजाम व नागपूरकर भोसले असे धनी बदलत गेले. अबुल फजलाच्या आईन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये गाविल व नरनाळा ही दोन्ही नावे आहेत. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोल्याच्या उत्तरेस अडगावच्या मैदानात भोसल्यांचा पराभव झाला, १५ डिसेंबरला इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेने गाविलगड घेतला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला.

या सर्व घडामोडींत सत्तेला डोंगरातून हव्या होत्या त्या मुख्यतः दोन गोष्टी : किल्ले आणि घाटवाटांची सुरक्षितता. वाटा राखण्याचे काम डोंगरातल्या प्रमुखांकडे सोपवून, त्याबद्दल त्यांचे हक्क चालू ठेवावेत, ही वहिवाट मुसलमानी आणि मराठी या दोन्ही अमदानींत साधारणपणे चालली. जंगल कोणी मोजले नाही, त्याची जमाबंदी केली नाही. गाव एका ठिकाणाहून उठून दुसऱ्या ठिकाणी बसले, तरी सरकारदरबारी त्याची दाद ना फिर्याद. ज्याची मोजणी झालेली नाही, ते हिरावून घेणेही कठीण असते.

राखेतली शेती

गाव हलविण्यामागे भटकेपणा नव्हता, हिशेब होता. कोरकू व गोंड यांच्या ‘दह्या’ नावाच्या शेतीत डोंगरउतारावरील एक तुकडा निवडून तेथली झाडेझुडपे हिवाळ्यात तोडीत, उन्हात वाळवीत आणि पावसाच्या तोंडी जाळीत. राखेतून जमिनीला पालाश, स्फुरद व चुना मिळे. आगीच्या धगीने तणांचे बी आणि किडी मरत. कुटकी, कोदो, सावा यांचे बी उताराच्या माथ्यावर टाकले, की पहिल्या पावसाचे पाणी ते खालपर्यंत वाहून नेई. नांगर चालत नसल्यामुळे बुंध्यांची मुळे शाबूत राहत व माती धरून ठेवीत. दोनतीन वर्षांनी राखेचा कस संपे, तण माजे, आणि मग तो तुकडा सोडून देऊन दुसरा घेत. सोडलेल्या जागी पुन्हा रान उगवे.

या पद्धतीचे सारे यश एका अटीवर अवलंबून होते : तुकडा पुरेशी वर्षे पडीक राहिला पाहिजे, आणि त्यासाठी माणसांच्या मानाने जंगल विपुल पाहिजे. जंगलाचा विस्तार कोणी आखडता घेतला, तर त्याच त्याच तुकड्यावर लवकर परतणे भाग पडते, रान पुरते वाढत नाही, राख कमी मिळते आणि डोंगर उघडा पडतो. मग जंगल राखीव करणारा अधिकारी त्या उघड्या डोंगराकडे बोट दाखवून म्हणतो, की या लोकांमुळे जंगल बुडाले. परिणामालाच कारण समजण्याची ही चूक एकोणिसाव्या शतकातल्या अनेक अहवालांच्या मुळाशी आहे. जेम्स फोर्सिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दह्याचे तपशीलवार वर्णन करूनही तिच्यावर जंगलनाशाचाच ठपका ठेवला.

हैदराबादचे कर्ज, मेळघाटची जमीन

मेळघाटचे भवितव्य ज्या कागदाने ठरविले, त्याच्याशी मेळघाटातल्या कोणाही माणसाचा संबंध नव्हता. निजामाने बाळगावयाच्या इंग्रजी अंमलाखालील फौजेचा खर्च थकला. ती थकबाकी भागविण्यासाठी २१ मे १८५३ रोजी झालेल्या तहनाम्यान्वये वऱ्हाडचा महसूल कंपनी सरकारच्या हाती आला. मुलूख नावापुरता निजामाचाच राहिला, अंमल मात्र इंग्रजांचा; १९०२ साली हाच व्यवहार कायमच्या पट्ट्यात रूपांतरित झाला.

पुढच्या दोन दशकांत मैदानातल्या घटनांनी डोंगराची किंमत बदलली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ पासून वऱ्हाडच्या कापसाला विलक्षण मागणी आली. त्याच दशकात लोहमार्ग अकोला व बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत पोहोचला. रुळांखाली घालावयास टिकाऊ लाकूड हवे, आणि तसले सागवान गाविलगडाच्या डोंगरांत मुबलक होते. ज्या जंगलाकडे महसूलखात्याने तोवर काणाडोळा केला, त्याचे लगोलग नकाशे निघाले, सीमांचे दगड बसले, वनखाते स्थापन झाले आणि दह्यावर बंदी आली.

तोडीसाठी मजूर मात्र पाहिजेच होते. म्हणून जंगलाच्या पोटात वनग्रामे वसविण्यात आली : कोरकू कुटुंबाने तेथे राहावे, थोडी जमीन तात्पुरत्या परवान्यावर कसावी आणि खात्याच्या कामाला हाक येताच हजर व्हावे. काल जो जंगलाचा वहिवाटदार होता, तो अशा रीतीने एका पिढीत खात्याच्या मर्जीवरचे कूळ होऊन बसला.

प्रतिकार झालाच नाही असे नाही. १८५८ साली तात्या टोपे सातपुड्यात आले असता पचमढीच्या डोंगरातील हर्राकोटचे जागीरदार भभूतसिंह यांनी त्यांना साहाय्य केले व इंग्रजांशी झुंज दिली. कोरकू समाज त्यांना आपला वीर मानतो. १९३० च्या जंगल सत्याग्रहात लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै रोजी पुसदला राखीव जंगलातले गवत कापून कायदा मोडला; त्याच वर्षी बैतुल जिल्ह्यात बंजारीढालच्या सत्याग्रहाचे नेतृत्व गंजनसिंह कोरकू यांनी केले. अणे यांच्यासाठी जंगलचा कायदा हा परकी सत्तेला आव्हान देण्याचा एक मार्ग होता. गंजनसिंहांच्या माणसांसाठी तो रोजच्या सरपणाचा आणि चराईचा प्रश्न होता.

मिसिसिपीच्या काठी तेच

असा प्रकार केवळ वऱ्हाडातच घडला, असे समजू नये. उत्तर अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात साक आणि फॉक्स (हे दुसरे लोक स्वतःला मेस्क्वाकी म्हणवितात) या दोन निकटच्या जमाती राहत. नोव्हेंबर १८०४ मध्ये त्यांची काही माणसे एका खुनाच्या प्रकरणाची तडजोड करण्यासाठी सेंट लुईस येथे गेली असता, जमातीच्या सभेने जमीन देण्याचा कोणताही अधिकार दिलेला नसताना, त्यांच्याकडून एका तहावर खुणा करून घेण्यात आल्या आणि सुमारे पाच कोटी एकर मुलूख वार्षिक एक हजार डॉलरांच्या मोबदल्यात अमेरिकी सरकारकडे गेला. तहात एक कलम होते : जमीन सरकारच्या मालकीची असेपर्यंत या लोकांनी तेथे राहावे व शिकार करावी. सरकारने ती गोऱ्या वसाहतवाल्यांना विकावयास काढताच कलमातली सवलत आपोआप संपली.

पुढे दोन पुढाऱ्यांनी दोन मार्ग धरले. ब्लॅक हॉक याने १८३२ साली सुमारे हजार माणसांनिशी नदी ओलांडून आपल्या जुन्या भूमीत परतण्याचा प्रयत्न केला. ऑगस्टमध्ये बॅड ॲक्सच्या काठी त्याच्या लोकांचा संहार झाला, आणि त्याने दुभाष्यामार्फत सांगितलेले आत्मचरित्र पुढच्या वर्षी छापले गेले. कीओकक याने तडजोड पत्करली. पण तडजोडीनेही भूमी वाचली नाही, आणि साक लोक कॅन्ससमार्गे ओक्लाहोमात जाऊन पडले. तिसरा मार्ग मेस्क्वाकींनी काढला : ज्या कागदाने जमीन गेली, त्याच जातीच्या कागदाने, म्हणजे खरेदीखताने, त्यांनी १८५७ साली आयोवात ऐंशी एकर जमीन विकत घेतली, आणि ती वसाहत वाढत जाऊन आजही नांदत आहे.

वनग्रामापासून पुनर्वसनापर्यंत

मेळघाटात स्वातंत्र्यानंतर नवा उद्देश पुढे आला. व्याघ्रप्रकल्पाच्या योजनेतील पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटची निवड होऊन १९७४ साली ते क्षेत्र घोषित झाले. १९८७ साली गुगामल राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले. वाघ वाचविण्याची निकड खरी होती, यात शंका नाही. पण जंगलातली गावे हलविण्याचा प्रश्न तिच्यातूनच उभा राहिला. बोरी, कोहा, कुंड ही गावे आणि त्यांच्यामागून आणखी काही गावे अकोला जिल्ह्याच्या अकोट तालुक्यात येऊन वसली. डोंगरातून काळ्या जमिनीच्या मैदानात येणे म्हणजे पीक, पाणी, सरपण, मजुरी व देवस्थान या सर्वांचीच अदलाबदल होय. मोबदल्याची रक्कम हाती पडली तरी ही घडी बसत नाही. काही कुटुंबे पुन्हा जुन्या गावठाणांकडे परतली, आणि जानेवारी २०१९ मध्ये केलपाणीच्या परिसरात गावकरी व शासकीय दल यांच्यात संघर्षही झाला.

पुराव्याचा नवा अर्थ

या दीर्घ कथेला २००६ च्या वनहक्क कायद्याने निराळे वळण दिले. वननिवासी आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे या कायद्याच्या प्रस्तावनेतच मान्य केलेले आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दाव्याची पहिली छाननी ग्रामसभा करते, आणि एकाहून अधिक पुरावे लागत असले तरी ते सर्व सरकारी कागदच असले पाहिजेत, अशी अट नाही. जुन्या विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थाने आणि वडीलधाऱ्यांचे लेखी उतरवून घेतलेले जबाब यांना २००८ च्या नियमांनी पुराव्याचे स्थान दिले आहे. तेव्हा गावाबाहेरच्या झाडाखाली रोवलेली मुंड्यांची रांग, जिच्याकडे आजवर मानववंशशास्त्राचा अभ्यासक तेवढा कुतूहलाने पाहत असे, ती आता वहिवाटीच्या कामी दाखविता येण्याजोगी वस्तू झाली आहे.

याचे फळ पाहावयाचे असेल तर अचलपूर तालुक्यातल्या पायविहीर या कोरकू गावाकडे पाहावे. २०१२ साली या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. ग्रामसभेने उजाड झालेल्या वनजमिनीवर चराई व तोड यांचे नियम घातले, झाडे लावली, आणि सीताफळांची विक्री स्वतः हाती घेतली. जंगलरक्षणाच्या या कामाबद्दल २०१४ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाशी संलग्न असा भारतीय जैवविविधता पुरस्कार गावाला मिळाला. कोरकूंमुळे जंगल बुडते, या शंभर वर्षांच्या सरकारी समजुतीला त्या टेकडीवर उगवलेल्या रानाने दिलेले हे उत्तर आहे, आणि ते मिळावयास कारण इतकेच, की जंगल राखल्यास ते आपल्याकडेच राहील अशी खात्री त्या गावाला प्रथमच कायद्याने दिली.

चौकट : थोडक्यात

• कोरकू ही ऑस्ट्रोआशियाई परिवाराच्या मुंडा शाखेतली सर्वांत पश्चिमेकडची भाषा; आकडे, नित्याचे शब्द आणि व्याकरण यांवरून तिचे संथाळी व मुंडारीशी नाते ठरते.

• दह्याची शेती विस्तीर्ण जंगल आणि दीर्घ पडीक काळ यांवर उभी होती. जंगल राखीव झाल्यावर तिचा आधार गेला.

• १८५३ चा तह, लोहमार्गासाठी लागणारे सागवान, वनग्रामे, १९७४ चा व्याघ्रप्रकल्प आणि त्यानंतरचे पुनर्वसन हे जमिनीवरचा ताबा सैल होत गेल्याचे टप्पे होत.

• २००६ च्या कायद्याखालील २००८ च्या नियमांनी दफनभूमी, पवित्र स्थाने व वडिलधाऱ्यांचे जबाब यांना पुराव्याचा दर्जा दिला. त्यामुळे अलिखित इतिहास हा गावाच्या हक्काचा आधार ठरू शकतो.